फुंगकाकांची राहून गेलेली सूचना

ग्वांगझूच्या जुन्या भागात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी फुंग सियु-हंग राहायचे. जन्मभर शहराची बस चालवली. बस चालवताना बोलायची बंदी, त्यामुळे साठून राहिलेलं सगळं बोलणं निवृत्तीनंतर बाहेर पडलं. थांब्यावर खांद्याला पिशवी अडकवलेला कुणी परका दिसला, की फुंगकाका पुढे सरसावलेच.

"दिव्यांनी मढवलेल्या त्या मोठ्या बोटीवर पैसे उधळू नका हो. आमची माणसं कामाला जातात ती साधी बोट धरा. नदी तीच, वारा तोच!"

एकदा तर एका जोडप्याला सांगता सांगता त्यांची बस गेली, मागची गेली, शेवटी काका स्वतःच त्यांना शहरभर हिंडवून संध्याकाळी घरी जेवायला घेऊन आले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेकीनं, युत-लामनं, निमूटपणे भात वाढला. तिला सवयच होती.

तर या युत-लामचं लग्न जमत आलं होतं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, पण घर पार उत्तरेला, जिथं हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून ट्रक धावतात. त्याचे आईवडील, हौ बाओशान आणि त्यांची बायको, पहिल्यांदाच दक्षिणेत येणार होते. मुलानं युत-लामला आधीच सांगून ठेवलं होतं, "आमचे बाबा मनानं चांगले आहेत गं, पण भारी मानी. कुणी कमी लेखलं असं वाटलं, की उठून चालायला लागतात. मग ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाहीत."

काकांनी आपल्या परीनं तयारी केली. रोज फोनवर सूचना. "व्याहीबुवा, जाड कोट तिकडेच ठेवा. छत्री मात्र ऊन असलं तरी घ्या. मेट्रोतून बाहेर पडायच्या दारांना अक्षरं असतात, अक्षर चुकलं की माणूस भलत्याच रस्त्यावर उगवतो. रस्त्यावर कापलेलं फळ कुणी चाखायला दिलं तर आधी भाव विचारा. आणि चहाघरात पहिला चहा पिऊ नका, त्यानं वाट्या विसळायच्या असतात. किटलीत पाणी हवं असेल तर झाकण कलतं करून ठेवायचं, हाका मारायच्या नाहीत."

"बाबा, पाहुणे बोलावताय की परीक्षेला बसवताय?" युत-लाम म्हणायची.

"तुला काय कळतंय! माणूस अडला नाही पाहिजे."

पाहुणे आले. सकाळी सगळे चहाघरात जमले. गर्दी ही एवढी. एका मोठ्या गोल टेबलाशी जागा मिळाली, पलीकडे एक अनोळखी म्हातारं जोडपं आधीच बसलेलं. आमच्याकडे त्यात काही विशेष नाही. मुलगा खाणं सांगायला गेला. हौंनी सूचनेबरहुकूम वाट्या विसळल्या, आणि मग मोठ्या अगत्यानं किटली उचलून काकांच्या पेल्यात चहा ओतला.

काकांनी बोटं दुमडून टेबलावर टकटक केली.

हौंनी क्षणभर पाहिलं, आणि पेला काठोकाठ भरला. काकांनी पुन्हा टकटक केली, मान राखायचा म्हणून चहा संपवला. हौंनी परत ओतला. परत टकटक. हौंच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या. काका आपले खुशीत पितायत, टकटक करतायत. व्याह्यांना काय अगत्य, वा!

हौंनी किटली खाली ठेवली ती जरा आपटूनच.

"दुपारची गाडी आहे का हो उत्तरेकडे जायला?"

"आहे की!" काका खुलले. "पण ती शहराच्या दक्षिण टोकाच्या स्टेशनवरून सुटते, लवकर पोचा, तिथे आत चालायलाच फार लागतं..." टेबलाखालून युत-लामनं त्यांना अशी लाथ हाणली, की काका कळवळले.

"चल गं," हौ बायकोला म्हणाले. "आपण पाहुणे नाही, यांचे चहा आणणारे पोऱ्ये आहोत. बोटानं टेबल बडवून चहा मागतात. असा तर आमचा साहेबसुद्धा माझ्याशी कधी वागला नाही."

काकांच्या तोंडातून, आयुष्यात पहिल्यांदाच, शब्द फुटेना.

विहीणबाई उठल्या खऱ्या, पण त्यांची नजर पलीकडे गेली. तिथल्या म्हातारीनं नवऱ्याला चहा ओतला होता, आणि नवरा वर्तमानपत्रातून डोकंही न काढता टेबलावर टकटक करत होता.

"आजी," विहीणबाईंनी न राहवून विचारलं, "हे रागावलेत का तुमच्यावर?"

"रागावतील कशाला? आभार मानतायत!" म्हातारी म्हणाली. "लग्न झाल्यापासून एवढेच काय ते आभार मिळालेत मला. तेही तोंडानं नाहीत."

"चहा ओतत होतीस, मी वाचत होतो," म्हातारा कागदाआडून म्हणाला. "तोंड कशाला उघडायचं?"

हौ उभेच राहिले. मग आजूबाजूला पाहायला लागले. या टेबलावर टकटक, त्या टेबलावर टकटक. सगळं चहाघर आभार मानत होतं.

"म्हणजे मघापासून तुम्ही मला..."

"आभारच मानत होतो हो!" काकांना कंठ फुटला. "पोट फुटायची वेळ आली, पण मानत होतो!"

"अहो, मग सांगायचं नाही का? छत्रीचं सांगितलंत, दाराचं सांगितलंत, फळांचं सांगितलंत!"

"सुचलंच नाही. श्वास कसा घ्यायचा ते कुणी सांगतं का?"

हौ आधी गालातल्या गालात आणि मग असे गडगडून हसले, की खुर्चीत बसलेच. युत-लामचा जीव भांड्यात पडला. तिनं किटली घेतली, सासऱ्यांच्या पेल्यात चहा ओतला. हौंनी मूठ वळून टेबलावर अशी ठोकली, जणू शेजाऱ्याचं दार वाजवतायत. सगळ्यांचा चहा हिंदकळला.

"हळू हो," विहीणबाई म्हणाल्या. "आता तारखेचं बोला."

"वसंतात नको," काकांची गाडी लगेच रुळावर आली. "तेव्हा इथं भिंतींना पाणी सुटतं, फरशी ओली, कपडे वाळत नाहीत. हिवाळ्याच्या तोंडाशी धरा. हवा कोरडी, आणि तुम्हाला तर तो उन्हाळाच वाटेल."

"धरलं," हौ म्हणाले.

तेवढ्यात मुलगा वाफाळत्या करंड्या घेऊन परतला आणि विचारू लागला, "काय झालं? काय झालं?" युत-लामनं त्याच्या हातातून कोळंबी भरलेल्या पुरचुंड्यांची करंडी ओढून घेतली आणि कुणाला न विचारता पहिली आपणच तोंडात टाकली.