दोरावर नसलेला माणूस

"टोपी आणली न्हाईस व्हय रं?"

"कशाला? ह्येच्यासाठी?"

दारातल्या शेवग्याखाली दोन म्हातारे बोलत होते. मी पाण्याची कळशी घेऊन त्यांच्या मागून जात होते. इंग्रजी शाळेत शिकलेल्या या मुलीला गावाकडचं बोलणं कळत नाही, असा आमच्या गल्लीचा जुना समज आहे, त्यामुळे त्यांनी आवाज कमी केला नाही. ओसरीवर आप्पांना आंघोळ घालून ठेवलं होतं. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. आष्ट्यात कुणी माजी सैनिक गेला की बाकीचे सगळे आपापल्या पलटणीची टोपी घालून, छातीवर पदकं लावून येतात, रांगेत उभे राहतात आणि सलामी देतात. घरच्यांना त्या दुःखात तेवढाच एक आधार असतो. आप्पांच्या वेळीही ते सगळे आले, पण टोप्या घरी ठेवून. शेजारी म्हणून आले, हात जोडले आणि तिरडी उचलली तेव्हा ऊस कारखान्याला कधी जाणार यावर बोलत मागून चालत गेले.

माझे वडील शिरवळच्या एका कारखान्यात आहेत. माझं सगळं शिक्षण तिकडेच झालं. सांगलीत नोकरी लागली तेव्हा खोली घेऊन राहण्यापेक्षा आष्ट्याला आप्पा-काकींकडे राहावं असं ठरलं. त्यांना मूलबाळ नाही. सकाळच्या एसटीनं सांगली, संध्याकाळच्या एसटीनं परत. स्टँडवर आप्पा स्कूटर घेऊन आलेले असायचे. पण लगेच निघायचं नसे. स्टँडसमोरच्या रसवंतीत माजी सैनिकांची बैठक भरायची, आणि आप्पा त्यात बसलेले असत. मी कडेच्या बाकावर बसून त्यांचं बोलणं संपायची वाट बघायची. मी फारशी बोलत नाही. न बोलणाऱ्या माणसाला लोक थोड्या वेळानं विसरतात, आणि मग सगळं ऐकायला मिळतं.

बैठकीचे म्होरके सुभेदार. उंच, ताठ, मिशा अजून काळ्या केलेल्या. बाकीचे आपापल्या नोकरीच्या गोष्टी सांगत... बर्फाच्या, वाळवंटाच्या, रजा मिळाली नाही म्हणून हुकलेल्या लग्नांच्या. सुभेदार मधे मधे दुरुस्त्या करत. त्यांचा खरा हातखंडा मात्र खोटे फौजी पकडण्याचा होता. हल्ली असे बरेच निघतात. कुणाला गणपती मंडळाच्या व्यासपीठावर बसायचं असतं, कुणाला लग्न जमवायचं असतं. असाच एक जण चितकबऱ्या पँटीत आला आणि "मी कमांडो होतो" म्हणाला. सुभेदारांनी आधी त्याला प्रेमानं रस पाजला. रजा किती असायची, घरी कसा यायचास, असं इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाले, "नंबर काय रं तुझा?" त्यानं धडाधड आकडे म्हणून दाखवले.

"आन् फुडं?"

"फुडं काय?"

सगळा बाक हसला. फौजेतल्या नंबराच्या शेवटी एक अक्षर असतं. बायकोचं नाव विसरेल, पण ते अक्षर माणूस विसरत नाही. "रस संपव गड्या, आन् एसटी धर," सुभेदार म्हणाले. "पँट तेवढी झ्याक हाय. वैरण आणाय वापर." तो गेल्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, खरा फौजी वळखायची लय सोपी खूण हाय. वर डोंगरात संगं ऱ्हायलेल्या माणसाचं नाव त्यो मरंपत्तोर इसरत न्हाई."

मलाही तेव्हा हसू आलं होतं. खोट्याला खोटं म्हणणारी माणसं मला आवडायची. पण मी रोज ऐकत होते, त्यामुळे आणखीही काही लक्षात यायला लागलं होतं. पहिल्या वर्षी सुभेदारांच्या खांद्यावरून गेलेली गोळी दुसऱ्या वर्षी त्यांच्या कानाला चाटून गेली, आणि मी नोकरीत कायम झाल्याचे पेढे वाटले तोवर तिनं हेल्मेटला भोक पाडलं होतं. त्यांना कुणी काही विचारलं नाही. प्रश्न विचारायचं काम त्यांच्याकडे होतं.

आप्पा त्या बैठकीत ऐकणारे. कुणी मुद्दाम विचारलंच तर "होतो मीबी, डोंगरात" एवढंच म्हणायचे. आजोबांना अर्धांगाचा झटका आला आणि माझे वडील तेव्हा शाळेत होते, म्हणून आप्पा पेन्शन बसायच्या आधीच फौज सोडून घरी आले. त्यांनी ऊस लावला, धाकट्या भावाला शिकवलं. माझ्या इंग्रजी शाळेचा पाया असा आष्ट्याच्या रानात आहे. पेन्शन नाही म्हणून फौजेच्या कँटीनच्या रांगेत ते कधी दिसले नाहीत. त्यांच्याबरोबर नोकरी केलेलं इथं कुणी नव्हतं.

एका संध्याकाळी काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. बर्फाचा विषय निघाला होता आणि आप्पा अचानक बोलायला लागले. मी बाकावर होते, हे त्यांना माहीत होतं. बोलताना दोनदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, त्यांच्या चौकीवर कोरेगावकडचा सदा नावाचा पोरगा होता. एका पहाटे गस्त निघाली. सगळे एका दोराला बांधलेले. वाटेत बर्फ फाटला आणि सदा आत गेला. "त्येच्या मागं दोरावर मी हुतो," आप्पा म्हणाले. "हाताला त्येचं वजन लागत हुतं... मग लागायचं थांबलं."

सुभेदारांनी ग्लास खाली ठेवला.

"दोराची गाठ कुणी मारली हुती?"

"ज्येची त्येनं."

"हातमोजं काढून का घालून?"

"काढून."

"त्या थंडीत? पहाटंचं?" सुभेदार सावकाश पुढे वाकले. "आप्पा, हात दावा बघू."

आप्पांनी खरंच हात पुढे केले. मला ते आजही सहन होत नाही. शाळेत छडी खाणाऱ्या मुलासारखे दोन्ही हात पुढे केले, आणि सगळे त्यांची बोटं बघू लागले. सगळी जागच्या जागी होती.

"एक तरी झडायला पायजे हुतं," सुभेदार म्हणाले. कुणीतरी हसलं. "तुमी दोरावर न्हवता. चौकीवर तरी हुता का? नंबर सांगा."

आप्पांनी नंबर सांगितला नाही. ते उठले, धोतराचा सोगा झटकला आणि मला म्हणाले, "चल गं." मागून कुणीतरी म्हणालं, "सापडलं की घरातलंच!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा आप्पा नेहमीसारखे चुलीपुढे होते. घरात सकाळचा चहा तेच करत, अगदी पहिल्यापासून. आणि माणसं तीन असली तर कप चार भरत. चौथ्यावर बशी झाकून तो कोनाड्यात ठेवत. मला वाटायचं, अचानक कुणी आलं तर असावा म्हणून. त्या दिवशी मी पहिल्यांदा विचारलं, तो कुणाचा?

"सदाचा," ते म्हणाले. मग चुलीत बघतच त्यांनी सगळं सांगितलं. ते लंगरात होते. फौजेत स्वयंपाकघराला लंगर म्हणतात. आप्पा चौकीचे आचारी होते. गस्त निघायच्या आधी ते सगळ्यांना चहा देत. त्या पहाटे सदाला उशीर झाला होता, तो जाता जाता म्हणाला, "माझा मग झाकून ठेव, आल्यावर पितो." गस्त परत आली ती त्याच्याशिवाय. आप्पांनी त्याचा मग तसाच झाकून ठेवला. संध्याकाळी बघितला तर आत बर्फ झाला होता.

"मग काल हेच का नाही सांगितलंत?" मी म्हणाले.

"चा झाकून ठेवला, ही काय सांगायची गोष्ट हाय व्हय, पोरी? कोण ऐकतंय?"

काकी आतून म्हणाली, "आवं, ट्रंकंतला कागद तरी न्हेऊन दावा त्यास्नी."

"कागदावर बी आचारीच लिवलंय," आप्पा म्हणाले. "आज आचारी म्हनलं तर कालचं खोटं पडतंय. मग सदाबी खोटा ठरल."

आप्पा खोटं बोलले होते, ही गोष्ट मी लपवत नाही. मित्राचं मरण त्यांनी दोन पावलं जवळ ओढून घेतलं होतं. पण त्या दोन पावलांसाठी त्यांची सगळी नोकरी पुसून टाकण्यात आली. आठवड्याभरात गावभर झालं की आप्पा फौजेत नव्हतेच, कुठंतरी हॉटेलात कपबशा विसळत होते आणि घरी पत्रं मात्र फौजेची पाठवत होते. पोरं त्यांना बघून कडक सॅल्यूट ठोकायची आणि कोपऱ्यावर जाऊन हसायची. पंधरा ऑगस्टला शाळेत माजी सैनिकांसाठी खुर्च्या मांडतात, त्यातली त्यांची खुर्ची काढली. ते नेहमीसारखे इस्त्रीचा सदरा घालून गेले, बघितलं आणि पालकांच्या घोळक्यात उभे राहिले. मी शिरवळला वडिलांना फोन केला. वडील म्हणाले, "जाऊ दे, कशाला वाढवायचं?" ज्या भावासाठी फौज सोडली तो भाऊ असं बोलला. मी ते आप्पांना सांगितलं नाही.

आप्पांनी स्टँडवर यायचं सोडलं. मी चालत घरी यायला लागले. रसवंतीवरून जाताना बैठक चालू असे. सुभेदार "काय पोरी, बरं हाय न्हवं घरी?" असं विचारत, आणि मी मान हलवत असे. मला तेवढंच जमत होतं.

आप्पांची मूत्रपिंडं गेली तेव्हा त्यांना सांगलीच्या दवाखान्यात ठेवलं. एका दुपारी शुद्ध-बेशुद्धीत असताना नर्सनं त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "आजोबा, नाव काय तुमचं?" आप्पांनी पाय जुळवले. चादरीखाली दोन्ही टाचा एकमेकींना लागलेल्या मी पाहिल्या. मग त्यांनी नंबर सांगितला. आकड्यांमागून आकडे, एकही न अडखळता, आणि शेवटी ते अक्षर. त्यानंतर नाव.

"नंबर न्हाई हो, नाव विचारलं," नर्स हसली.

सुभेदारांना हवा होता तो नंबर आप्पांनी अखेर सांगितला. ऐकायला नर्स होती, मी होते आणि शेजारच्या खाटेवर झोपलेला एक माणूस होता.

दहाव्याला आम्ही सगळे नदीवर गेलो. कावळा लगेच शिवला. आप्पांनी जेवणासाठी कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाही, कावळ्यालाही नाही. मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणे श्रद्धांजलीची भाषणं झाली. सोसायटीचे चेअरमन बोलले, वडील दोन शब्द बोलून रडले. शेवटी सुभेदार उभे राहिले. आप्पा कष्टाळू होते, मनमिळाऊ होते, उसाचं उत्पन्न चांगलं काढत, असं सगळं बोलून झालं आणि ते जरा थांबले. "माणूस म्हटला की चुकतो," ते म्हणाले. "फौजेच्या नावावर त्यांच्या तोंडून नको ते गेलं. पण आज या नदीच्या साक्षीनं सांगतो, आम्ही फौजी लोक मनानं मोठे असतो. आम्ही त्यांना माफ केलं."

लोकांनी माना डोलावल्या. एका बाईनं डोळ्याला पदर लावला. काकी माझ्या शेजारी वाळूवर बसली होती, तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी उठायला हवं होतं. माझ्या तोंडात शब्द आले ते इंग्रजीत आले, आणि ते मराठीत येईपर्यंत लोक पायातल्या चपला शोधायला लागले होते.

आता महिना होऊन गेला. सकाळचा चहा काकी करते. आम्ही दोघीच असतो, कप तीन भरतो. तिनं कारण कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या दहाव्याच्या दिवशीही, नदीवरून माणसं घरी आली तेव्हा, तिनं एवढ्या गडबडीत एक कप बशीनं झाकून बाजूला ठेवला होता. तो कोनाड्यात ठेवायला ती विसरली, आणि तो तसाच चहाच्या ट्रेमधून ओसरीवर गेला.

सुभेदार आप्पांच्या खुर्चीत बसले होते. भाषण चांगलं झालं असं दोघं-तिघं त्यांना सांगत होते, आणि ते "आवं, मनात ठेवून काय करायचं?" असं म्हणत होते. ट्रे घेऊन मी समोर उभी होते. बाकीचे कप उचलले गेले होते. सुभेदारांनी झाकलेल्या कपाकडे बघितलं.

"ह्यो कुणाचा गं? गार व्हायलाय की," ते म्हणाले आणि त्यांनी बशी उचलायला हात पुढे केला.

मी ट्रे मागे घेतला. माझा आवाज ओसरीवर सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता.

"हा सदाचा आहे, सुभेदारकाका. आप्पा चौकीवर आचारी होते, आणि हा त्यांनी झाकून ठेवलेला आहे. तुम्हीही इतकी वर्षं वर होतात ना? मग तिथं रोज पहाटे उठून तुम्हाला चहा करून देणाऱ्या माणसाचं नाव सांगा. नंबर नको. नुसतं नाव सांगा."