राजाचं शाबूत नाक

त्या राजाचं नाक मला अजून आठवतं. नोकरीत हजारो चेहरे पाहिले. पण खरी साक्ष देणारं नाक ते एकच.

बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. मी भूम भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. तिथल्या एका सहकारी सोसायटीच्या चेअरमनना घरातली फ्रान्सच्या राजांची चांदीची नाणी मिरवण्याचा नाद होता. बाहेर माणसं सरकारी मदतीच्या सुकडीसाठी रांगेत उभी असत, आत हे पाहुण्यांपुढं मखमली पेटी उघडत. "हा चौदावा लुई, हा पंधरावा." निजामाच्या पदरच्या कुणा फ्रेंच सरदारानं आपल्या पणजोबांना ती इनाम दिली, असं ते सांगत. "दर दिवाळीला चिंच आणि राखेनं घासून लक्ष्मीपूजनाला मांडतो. चार पिढ्यांत एक वर्ष चुकलं नाही." पाहुणे माना डोलवत. चहा चांगला असे.

एके दिवशी त्यांनी फिर्याद दिली की पेटीतलं एक नाणं चोरीला गेलं. खबरही लगोलग आली. आठवडी बाजारातल्या सराफाकडं दुष्काळी कामावरचा एक मजूर तसलंच नाणं घेऊन आला होता. फिर्याद, खबर आणि चोर एकाच दिवशी चालत आले की मला बरं वाटत नाही. पण मजुराला आणावं लागलं.

तो चाळिशीचा, बौद्ध वस्तीतला. कामाचं कार्ड घरात त्याच्या एकट्याच्याच नावावर होतं. ते गेलं की चूल विझणार. जमादारांनी विचारपूस सुरू केली.

"कुठनं हाणलंस?"

"सापडलं, सायेब. तलावाच्या कामावर टिकाव बसून मडकं फुटलं. मुकादमानं समदं गोळा करून नेलं. एक लांब उडालं हुतं, ते म्या उचाललं."

"अन् कुणाला बोलला न्हाईस?"

"मुकादम तरी कुणाला बोलला?"

जमादारांचा हात वर गेला. मी त्यांना चहा सांगायला बाहेर पाठवलं.

ओळख पटवायला चेअरमन पेटीसकट आले. पंचांसमोर मी नाणं पुढं केलं. "माझंच," त्यांनी हात न लावताच सांगितलं. मी ठशांसाठीचं भिंग काढलं. मजुराचं नाणं काळं पडलेलं, अक्षरांत पांढरट माती घट्ट बसलेली. पेटीतली नाणी लख्ख, अक्षरांच्या फटींत हळद-कुंकू.

"हेही दिवाळीला घासलं होतं?" मी विचारलं.

"म्हणजे काय! सगळी एकाच ताटात."

मी मजुराकडं वळलो. "हळद तू काढलीस का?"

"आमच्यात देवच न्हाईत, सायेब. छप्पन साली बापानं देव्हारा ओढ्यात सोडला. अन् धुवायचं म्हनाल, तर पानी कुठं हाय?"

एक पंच हसला, मग चेअरमनकडं बघून गप्प झाला. मी पेटीतलं एक नाणं उचललं. राजाचं नाक टोकदार होतं, केसांची बट न्‌ बट वेगळी दिसत होती. चार पिढ्या राखेनं घासलेल्या राजाचं नाक असं राहत नाही. आमच्या घरचा चांदीचा टाक इतका झिजलाय, की देव कोणता ते आईलाच ठाऊक. मी टाचणीनं फटीतली हळद उकरली. खाली तीच पांढरट माती निघाली.

संध्याकाळपर्यंत मुकादम बोलला. मडकं त्यानं दिवाळीआधी चेअरमनच्या घरी पोचवलं होतं. सराफानंही सांगितलं, की मजूर येऊन गेल्यावर त्यानं आधी चेअरमनना कळवलं. फिर्याद त्यानंतरची. पेटीतून काहीच गेलं नव्हतं. बाहेर राहिलेलं एक नाणं तोंड उघडेल, एवढीच त्यांची भीती होती.

जमिनीत सापडलेला ठेवा सरकारला कळवावा लागतो. चेअरमनवर गुन्हा नोंदवण्याची परवानगी मागायला मी वरिष्ठांकडं गेलो. ते म्हणाले, "अहो, ते सगळा संग्रह संग्रहालयाला देतायत. सत्काराची तारीखही ठरलीय. तुम्ही बंदोबस्ताचं बघा."

मी बंदोबस्ताचं बघितलं. शाल, श्रीफळ, वारसा जपण्यावर तासभर भाषण. मुद्देमाल म्हणून जप्त केलेलं काळं नाणंही वरून आलेल्या हुकमानं देणगीच्या त्याच ताटात गेलं.

मजुराला मी स्वतः सांगितलं, "तुझ्यावर काही नाही. सुटलास."

"मग माजं कार्ड द्या की, सायेब."

कार्ड मुकादमानं रद्द केलं होतं. चोरीच्या भानगडीतला माणूस कामावर नको म्हणून. मी दोन ठिकाणी शब्द टाकला. तो कुणी उचलला नाही. कुटुंब घेऊन तो उमरग्याला ट्रकवर हमाली करायला गेला, एवढं कळलं.

या तपासानं मला एवढंच शिकवलं, की गुन्हा उघडकीला आणणं पोलिसाच्या हातात असतं. तो कुणाच्या माथी बसणार, ते ठरवणारे दुसरे असतात.

निवृत्तीनंतर एकदा ते संग्रहालय बघायला गेलो. काचेआड नाणी होती, खाली देणगीदाराचं नाव. मी ते काळं नाणं शोधू लागलो. सापडेना. तिथल्या शिपायाला विचारलं.

"होतं ना एक घाणेरडं," तो म्हणाला. "मंत्री येणार होते, तेव्हा तेही घासून घेतलं. आता सगळी सारखी दिसतात."