कर्नलला कोंडणारा कप्तान

येलदरीच्या धरणावर रोज गाढवावरनं माती यायची, अन् तिच्यासंगं कप्तानाची एक नवी गोष्ट! मातीचं धरण झालं. गोष्टींचं काय करायचं, ते सरकारनं सांगितलं न्हाई. म्हणून मी सांगायलोय. मधी कुणी तोंड घातलं तर उठून जाईन!

कप्तान म्हंजी आमा बारा चौकीदारांचा मुख्य. निजामाच्या फौजेत खराखुरा कप्तान व्हता. फौज गेली, मिशा ऱ्हायल्या.

*

त्यानं फौजेत बंड केलं व्हतं. हिंदुस्थानची फौज दारात आलेली, अन् ह्याचा कर्नल म्हणायला, "शेवटच्या माणसापर्यंत लढायचं!"

कप्तानानं इचारलं, "शेवटचा माणूस कोण? तुमीच का?"

झालं! चार शिपाई घेतले, कर्नलला न्हाणीत कोंडलं, ठाणं ताब्यात घेतलं. मग ध्यानात आलं, दारूगोळ्याच्या कोठीची चावी कर्नलच्याच खिशात!

"साहेब, चावी द्या."

आतून आवाज, "आधी सलाम!"

ह्यानं बंद दाराला खाडकन सलाम ठोकला. बूट वाजला, तवा चावी दाराखालून सरकली!

गोष्ट ऐकून मी म्हणलो, "अवो, कोंडलं तर तुमीच व्हतं!"

"बंड बंडाच्या जागी. हुद्दा हुद्द्याच्या जागी!"

*

एका मुकादमानं माती टाकणाऱ्या बाईला घाण शिवी दिली. माझं डोस्कं फिरलं, दिल्या दोन ठेवून! कप्तानानं मला दिवसभर सिमेंटच्या गोदामात कोंडलं. दुपारी सोताच भाकर घेऊन आला.

"मारलंस ते बराबर केलंस."

"मग कोंडलं कामून?"

"हुकूम न घेता मारलंस!"

*

फाटकावर त्यानं परवलीचा शब्द लावला, रोज नवा. एक दिवस 'मेथी'. समद्या बायांना पाठ, बड्या इंजिनेरालाच ठाव न्हाई! साहेब जीपमधी घामाघूम.

"अरे, हे धरण मी बांधतोय!"

"बांधा की साहेब. शब्द?"

शेवटी गाढवं हाकणारी एक म्हातारी वराडली, "मेथी म्हणा की वो, मेथी!"

साहेबाला ते लय झोंबलं. त्यानं कप्तानाचं जुनं बंड उकरून काढलं. "ज्यानं एक साहेब कोंडला, तो मलाबी कोंडेल!" वरनं चौकशी लागली. बंड खरं निघालं की नौकरी खलास! अन् कप्तानाला दुसरं येत काय व्हतं? शेत न्हाई, बैल न्हाई. म्हैस तर त्याला बघूनच लाथ झाडायची.

*

चौकशीचा साहेब भला निघाला. आमी बारा जण आधीच जाऊन त्याच्या पाया पडलो. त्यानं कागदावर लिहिलं, 'बंडाच्या वेळी कप्तान स्वयंपाकघरात चहा करत होते. बंडाशी संबंध नाही.'

आमी कप्तानाला बजावलं, "तोंड उघडू नका. मान हलवा, सही करा."

कप्तानानं कागद वाचला. मिशी थरथरली.

"चहा?"

"व्हय व्हय, चहा!" आमी खिडकीतनं बोंबललो. मी तर म्हणलो, "लय ग्वाड करतेत साहेब!"

"गप बसा रे!"

कप्तानानं समदं खोडलं अन् खाली लिहायला बसला.

साहेब म्हणला, "अहो, नोकरी जाईल!"

कप्तानानं मुंडी वर केली न्हाई. पान भरलं. पाठपोट भरलं. मग उभं ऱ्हाऊन साहेबाला सलाम ठोकला.

"साहेब, अजून एक कागद द्या. ठाण्याचा नकाशा ऱ्हायलाय."