तळावरून आलेली माती

आमचे फादर पहिल्यांदा वस्तीवर आले तेव्हा त्यांचं मराठी पुस्तकातलं होतं. ते दक्षिणेकडचे, समुद्रकाठचे. पहिल्या मिस्सेला त्यांनी "आपण सर्वांनी आसनस्थ व्हावे" असं सांगितलं आणि सगळी वस्ती उभीच राहिली. पाच-सहा वर्षांत तेच फादर वेदीवरून "अय, मागं कोन बोलतंय रं?" असं विचारायला लागले. मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो. त्यांच्या मराठीचं हे असं होताना बघून मला फार वाईट वाटे, मी त्यांना टोकतही असे. शेवगावच्या अलीकडं-पलीकडं शुद्ध भाषेची काळजी करणारा दुसरा कुणी नव्हता, असा माझा समज होता.

दिवाळी झाली की आमची वस्ती रिकामी व्हायची. अजूनही होते. माणसं कोयते, पत्रे, कोंबड्या घेऊन ट्रकमध्ये चढतात आणि ऊसतोडीला सांगलीकडं जातात. मागं राहतात म्हातारी माणसं, कुत्री आणि माझ्यासारखे पगारी. आधीचे फादर या दिवसांत निवांत असायचे. हे मात्र मोटरसायकल काढून निघायचे, दोन दिवस रस्त्यात घालवायचे आणि साखर कारखान्याच्या तळावर, तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांच्या, म्हणजे कोप्यांच्या, मधल्या जागेत, बैलगाडीवर चादर टाकून मिस्सा करायचे. नाताळचा केक सोबत न्यायचे. तो पोचेपर्यंत त्याचा रवा झालेला असायचा. लोक तो मुठीनं खायचे.

माझे वडील गेले ते अशाच हंगामात. त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, आमच्याच वस्तीत दिलेली. ती तेव्हा तळावर होती. निरोप पोचला, पण तिला निघता आलं नाही. मातीला सगळ्यांनी मूठमूठ माती लोटली, आत्याची तेवढी राहिली. बहिणीची माती न मिळता भाऊ गेला, हे वस्तीत लई बोललं गेलं.

पंधरा दिवसांनी फादर तळावरून परत आले. मी शाळेत होतो. त्यांनी माझ्या बायकोच्या हातात प्लास्टिकची एक पिशवी दिली, "आत्यानं दिलीय, मास्तरला दे" एवढं म्हणाले आणि गेले. पिशवीत काळी बारीक पूड. बायकोनं ती काळा मसाला समजून फळीवर ठेवली आणि संध्याकाळी वांग्यात टाकायच्या आधी चिमूटभर चाखली.

"अहो, तुमच्या आत्यानं मसाल्याबरोबर जातंबी दळलं का काय?"

मी पिशवी हातात घेतली. आत एक चिठ्ठी होती. तिच्यावर पेन्सिलीनं आत्याचं नाव आणि खाली 'भावासाठी'. मी चुलीपाशीच खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी फादर आणि मी कबरीवर गेलो. त्यांनी चिठ्ठी वाचली, आत्याचं नाव मोठ्यानं घेतलं, मी माती टाकली. परत येताना मी मसाल्याची हकिगत सांगितली, तर ते आमच्या दारात गाडी लावून मुद्दाम आत आले आणि बायकोला विचारू लागले, "कशी लागली गं?"

"मीठ कमी हुतं, फादर."

एवढे हसले की टोपी पडली.

तेव्हापासून ती पद्धतच पडली. हंगामात गावात कुणी गेलं की फादर पुढच्या फेरीला तळावरून पिशव्या आणायचे. प्रत्येकाची मूठ वेगळी, प्रत्येक पिशवीत चिठ्ठी. कबरीपाशी उभं राहून एकेक नाव घ्यायचे आणि एकेक पिशवी रिकामी करायचे. घाई केलेली त्यांना चालायची नाही. चिठ्ठ्या कायम पेन्सिलीनं, कानामागं खोचलेल्या सुताराच्या पेन्सिलीनं. "फादर, चांगलं पेन देतो की," असं मी कितीदा म्हटलं. "तुझं पेन तुला लखलाभ," म्हणायचे.

म्हातारपणी त्यांना धर्मगुरूंच्या आश्रमात ठेवलं. तिथून फोन करायचे. पहिला प्रश्न, ट्रक गेले का. दुसरा, पाऊस किती. माझी चौकशी तिसऱ्या नंबरावर. आपली माती आमच्या गावातच व्हावी, एवढं एकच त्यांनी मागून ठेवलं होतं. ते मिळालं. पण गेले ते नाताळनंतरच्या आठवड्यात, वस्ती रिकामी असताना. मातीला बाहेरगावचे पुष्कळ फादर आले, सिस्टर आल्या, मोटारी आल्या. वस्तीची म्हणाल तर अकरा म्हातारी माणसं आणि मी.

माती झाल्यावर नवे फादर, तरुण आणि भला माणूस, म्हणाले, "येत्या शनिवारी कबरीवर फरशी बसवतोय. गवंडी पुन्हा मिळायचा नाही." म्हणजे तळावरची माती शनिवारच्या आत यायला हवी होती. नाहीतर ज्या माणसानं तीस वर्षं सगळ्यांच्या मुठी वाहिल्या, त्याच्यावर त्याच्याच माणसांची मूठ पडणार नव्हती.

"मी जातो," मी म्हणालो. का म्हणालो, कुणास ठाऊक.

बायको म्हणाली, "तुमी? नगरला जाताना तुमाला दोनदा उलटी हुती."

तीनदा झाली. पण पोचलो. तीन एसट्या आणि एक टेम्पो करून दुपारी तळावर उतरलो तेव्हा कोप्यांत फक्त आत्या होती, पोरं सांभाळत. सत्तरी उलटली तरी ती टोळीबरोबर जाते. घरी बसून जेवण जात नाही म्हणते.

"आलास व्हय मास्तर," ती म्हणाली. "फादरच्या मातीला आमी न्हाई, आन तू हुतास. तू तर त्यांची भाषा सुधरीत हुतास."

संध्याकाळी माणसं उसातून आली. मला रोझरीची माळ म्हणायला सांगितली. तिच्यातल्या पाच रहस्यांपैकी चौथं मला आठवेना. पाचवं दोनदा म्हटलं. सगळ्यांनी तेही माझ्यामागं दोनदा म्हटलं, ही त्यांची दया. मग एकेक जण उसाच्या सरीतून मूठभर माती घेऊन आला. मी पिशव्या धरत होतो, चिठ्ठ्या लिहीत होतो. माझं अक्षर चांगलं आहे, हे मी सांगायला नको. खास शाईचं पेन नेलं होतं. एकतीस चिठ्ठ्या अशा लिहिल्या की शाळेत लावाव्यात.

निघताना आत्यानं मनगट धरलं. "सगळ्यांची नावं घे. फादर घ्यायचे तशी. एकबी गाळू नको."

"घेतो, आत्या."

शनिवारी सकाळी कबरीपाशी पहिली पिशवी उघडली. मुठी घेतल्या त्या सरीला त्याच्या आदल्या दिवशीच पाणी दिलेलं होतं, माती ओली. चिठ्ठीवर निळा डाग. दुसरी उघडली, तिसरी उघडली. एकतीसच्या एकतीस डाग, एकाहून एक सुंदर. फादरनी पेन्सिल का धरली होती, हे मला त्यांच्या कबरीपाशी कळलं, आणि समोर गवंडी सिमेंट कालवून बसलेला.

"राहू द्या मास्तर, देवाला सगळी नावं ठाऊक आहेत," नवे फादर म्हणाले.

देवाला असतील. पण मी शब्द आत्याला दिला होता. गाडीतल्या उलट्या जशा तोंडाशी आल्या होत्या तसं रडू आलं. मी आत्याच्या नातवाला फोन लावला आणि झालं ते सांगितलं. पलीकडं शिव्या ऐकू आल्या, त्या कुणाच्या ते मी ओळखलं. मग आत्या म्हणाली, "थांब. बोलावते समद्यांना."

नव्या फादरनी माझा मोबाईल हातात घेतला आणि आवाज मोठा करून कबरीवर धरला. पलीकडं उसाची सळसळ, ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी खोकलं. मग एकानं आपलं नाव सांगितलं, ओरडून, जणू रेशनच्या रांगेत. मी एक पिशवी रिकामी केली. कुणाची होती कुणास ठाऊक. दुसरं नाव, दुसरी पिशवी. एक पोरगी लाजली, तिला सगळ्यांनी दटावलं. रेंज जात होती, येत होती. अर्धवट ऐकू आलेलं नाव नवे फादर पुन्हा विचारत होते, "परत सांगा, मोठ्यानं." गवंड्यानं थापी खाली ठेवली आणि डोक्याचं फडकं काढलं.

तीस नावं झाली. मग आत्यानं आपलं नाव सांगितलं, अगदी हळू.

मी शेवटची पिशवी उलटी केली.

"पडली का रं माझी?"

"पडली, आत्या."

"नीट बघून सांग."

मी वाकून बघितलं. "पडली. उजव्या अंगाला, वर."

"बरं झालं," ती म्हणाली. "ठेव मग फोन. गाडी भरायचीय."