वैजूने खोडलेला निष्कर्ष

महिना होऊन गेला. कॉलेजात माझा प्रात्यक्षिकाचा तास चालू होता आणि फोनवर वैजूचा भाऊ दामू होता. "ताय, वैजू नाय राहिली गं..." एवढंच बोलला. कर्करोगाने ती जाणार हे आम्हाला वर्षभर माहीत होतं, तिला तर सगळ्यांच्या आधी. तरी मी वर्गात परत गेले, मुलांच्या आकृत्या तपासल्या आणि शेवटची वही सही न करताच मिटली.

वैजयंती उरणकडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. तिची आई पनवेलच्या बाजारात मासळी विकायची आणि वैजू माझ्याबरोबर इथल्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकायची. एकदा तिने स्वतःच्या बोटातला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. एक पांढरी पेशी हळूहळू आकार बदलत पुढे सरकत होती. वैजूने सरांना विचारलं, "सर, हिला हाडं नाहीत, मग ही चालते कशी?" हे अभ्यासक्रमात नाही, असं सर म्हणाले. त्या एका उत्तरावर नाराज होऊन तिने पुढची पस्तीस वर्षं काढली, असं मी तिला चिडवायचे. ती हसायची नाही. म्हणायची, "खरंच आहे ते."

पेशीलाही सांगाडा असतो, पण आपल्यासारखा कायमचा नाही. तो सतत मोडतो आणि पुन्हा बांधला जातो. वैजू मुंबईतल्या प्रयोगशाळेत याच सांगाड्यावर काम करत होती. माझ्या विद्यार्थ्यांना ती फळ्यावर दोन गोल काढून समजावायची. आपल्या रक्तातली मारक पेशी रोगट पेशीला भिडली, की त्या स्पर्शाच्या जागी सांगाड्याचे तंतू एकवटतात आणि पकड घट्ट करतात. दोन पेशींचं बोलणं तिथे होतं. खात्री पटली की आतल्या बारीक नळ्यांचं केंद्र त्या बाजूला वळतं आणि नळ्यांवरून मारक द्रव्याच्या पुड्या नेमक्या तिथे पोचतात, उघडतात. "चुकीच्या जागी उघडल्या तर शेजारची चांगली पेशी मरेल. म्हणून सांगाडा नीट हवा," असं सांगून ती खडू खाली ठेवायची.

तिने केलेल्या कामातलं एक मला सांगायलाच हवं. ओवे गावातली सायली तेव्हा सहा वर्षांची होती. ताप उतरायचा नाही, पोट फुगलेलं, यकृत आणि प्लीहा वाढलेली. औषधांनी आजार थोडा दबायचा, पुन्हा उसळायचा. तिच्या मारक पेशी संख्येने पुरेशा होत्या, पण मारत नव्हत्या. डॉक्टरांनी सायलीचं आणि तिची मोठी बहीण मयूरी हिचं रक्त वैजूकडे पाठवलं. मयूरीची अस्थिमज्जा सायलीशी जुळत होती; तिच्या पेशी चांगल्या निघाल्या तर तीच दाता होणार होती.

वैजूला दोघींच्याही पेशींत एकच दोष दिसला. नळ्या नीट बांधल्याच जात नव्हत्या, पुड्या विखुरलेल्या. प्रयोगशाळेतल्या एका निरोगी माणसाच्या पेशी मात्र छान काम करत होत्या. तिने तसा अहवाल दिला. मयूरी दाता म्हणून बाद झाली. सांगाड्याचा नवा दोष सापडला म्हणून वैजूचे वरिष्ठ खूश होते, परिषदेत मांडायची तयारी सुरू झाली होती.

सायलीची आई सुनंदा पनवेलच्या दवाखान्यात वैजूला भेटली, तेव्हा मी तिच्यासोबत होते. सुनंदाने एकच विचारलं. "बाय, आमची मयू दिसभर उंडारते. तिला साधी सर्दी पन व्हत नाय. मंग तिचं रगात खराब कसं?"

"आजार उशिरा दिसू शकतो," असं वैजू म्हणाली खरी. पण परतताना रोडपालीला तिच्या घराशी गाडीतून उतरताना म्हणाली, "त्या बाईने विचारलं ते मी विचारायला हवं होतं."

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "मीही आजारी आहे. माझ्याही पेशींत तोच दोष आहे."

मी घाबरले. तेव्हा तिने सांगितलं. दोघी बहिणींचं रक्त पनवेलहून एकाच डब्यात, बर्फात, रात्रभर राहून आलं होतं. तुलनेचं रक्त मात्र प्रयोगशाळेतच काढलेलं, ताजं. थंडीत त्या नळ्या विरघळतात, हे तिला विद्यार्थिदशेपासून ठाऊक होतं... इतकं ठाऊक, की डब्याकडे बघावंसंच वाटलं नाही. तिने स्वतःचं रक्त काढून अर्धं बर्फात, अर्धं बाहेर ठेवलं. बाहेरच्या पेशी नीट होत्या; बर्फातल्यांत तोच दोष दिसला आणि नंतर ऊब देऊनही त्या सावरल्या नाहीत.

वरिष्ठ म्हणाले, आधी खात्री कर, मग बघू. तिने त्याच दिवशी अहवाल मागे घेतला आणि परिषदेतून नाव काढलं. मग दामूच्या टेम्पोतून ओव्याला गेली आणि सुनंदासमोर बसून म्हणाली, "ताई, चूक माझी आहे. मला पुन्हा रक्त हवंय, आणि ते मी स्वतः नेणार."

सुनंदा म्हणाली, "माझ्या पोरीचे इतके दिस गेले त्यात..."

"हो, गेले," वैजू म्हणाली. तिने सबब सांगितली नाही.

सुनंदाने मयूरीला हाक मारली.

दोघी बहिणींच्या आणि तुलनेसाठी माझ्याही रक्ताच्या नळ्या बर्फाशिवाय, मांडीवर धरून तिने नेल्या. यावेळी मयूरीच्या पेशी अगदी नीट निघाल्या. सायलीच्या पेशींतला सांगाडाही नीट वळला, पुड्या पेशीच्या कडेपर्यंत पोचल्या आणि तिथेच अडल्या, उघडल्या नाहीत. दोष शेवटच्या पायरीचा होता. पुढे जनुकाच्या तपासणीत तेच सिद्ध झालं. ज्या सांगाड्यावर वैजूने उमेदीची वर्षं घातली, तो या मुलीत निर्दोष होता. तिला याचा इतका आनंद झालेला मी पाहिलाय, की मला तेव्हा रडू आलं.

मयूरीची अस्थिमज्जा सायलीला दिली. ते महिने कठीण गेले, दोनदा आशा सोडावी लागली होती. आज सायली पनवेललाच कॉलेजात जाते. वैजूच्या अंत्यविधीला ती आणि मयूरी आल्या होत्या. खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या.

गेल्या आठवड्यात दामूबरोबर वैजूचं सामान आणायला प्रयोगशाळेत गेले. आम्ही खोके बांधत होतो, तेवढ्यात बाहेरगावाहून एक पार्सल आलं. तिथल्या मुलीने ते उघडलं, रक्ताची नळी उचलून क्षणभर हाताच्या मागच्या बाजूला टेकवली आणि लगेच फोन लावला. "नमुना गार आलाय, आम्ही तपासणार नाही. उद्या पुन्हा घ्या. आणि नात्याबाहेरच्या एका निरोगी माणसाचं रक्त सोबत, त्याच डब्यात पाठवा." पलीकडून कोणीतरी कुरकुरत असावं. ती शांतपणे म्हणाली, "नाही, चालणार नाही. इथे असंच असतं." तिने वैजूला कधी पाहिलेलं नव्हतं, ती गेल्याच महिन्यात रुजू झाली होती.