कोरी पानं काढणारे काका

शिवून झालेलं पुस्तक ते पुठ्ठ्याला धरून उलटं करत आणि झटकत. काही पडलं नाही की म्हणत, "न्या आता. आमच्या हातनं गेलेलं पुस्तक माघारी येत न्हाई." असे बाइंडर तुम्हीही पाहिले असतील, पण सांगलीतल्या या काकांइतका कामाचा तोरा मी दुसरीकडे पाहिला नाही.

मी पुस्तकांची मांडणी करते. साताऱ्याच्या एका नृत्यशिक्षिकेचं पुस्तक माझ्याकडे आलं. बाई जपानला राहून तिथलं नृत्य शिकून आलेल्या. "त्यात थांबण्यालाही हालचालीइतकाच मान असतो," त्या म्हणाल्या. म्हणून मी दर चार फोटोंनंतर एक कोरं पान ठेवलं, पृष्ठांकही काढून टाकले. शिलाई जपानी, दोरा बाहेरून दिसणारी.

शिलाईचा फोटो पाहून काका हसले. "दोरा भाईर? म्हंजे बनियन शर्टावरनं घालायचं म्हना की!" पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी इतकी सुबक शिलाई करून दाखवली की मी सगळे छापील कागद त्यांच्याकडे सोपवले.

तयार प्रती बघायला बाई साताऱ्याहून आल्या. त्यांनी पानं उलटली, पुन्हा उलटली. कोरं पान एकही नव्हतं.

"ती व्हय?" काका खुशीत म्हणाले. "मशीननं दोन कागद एकदम वढलं की एक कोरा जातोय. लय निघाली. येक येक करून काढली बगा, गिऱ्हाइकानं नावं ठेवाय नगंत."

बाईंचा चेहरा उतरला. आणि मी त्यांच्यादेखत कडाडले, "काका, सांगितलं होतं ना तुम्हाला!"

सांगितलं नव्हतं. कोरी पानं कुठे ते दाखवणारी नमुन्याची प्रत माझ्या पिशवीतच राहिली होती. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दोरे कापायला घेतले. सगळ्या प्रती उसवून त्यांनी पुन्हा शिवल्या. मी न्यायला गेले तेव्हा काका एवढंच म्हणाले, "ताई, कोरी मोजून घ्या."

वर्षभरात दुकान बंद करून ते आष्ट्याजवळ गावी राहायला गेले. वय झालंच होतं, पण माझ्या मनाला लागून राहिलं. शेवटी मी त्यांना भेटायला गेले. ते ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. चूक माझी होती, हे मी सगळं एका दमात सांगून टाकलं.

"मला ठाव न्हवतं व्हय?" ते शांतपणे म्हणाले. "पर ताई, हितं सांगून काय उपेग? बाई तितं हायत."

"बाईंना सांगते," मी म्हणाले. त्यांनी ओंजळभर शेंगा दिल्या, त्या मी लाजत घेतल्या.

गेल्या महिन्यात काका वारले. परवा बाईंचा फोन आला, दुसरं पुस्तक करायचंय म्हणून. ठेवता ठेवता म्हणाल्या, "या वेळी बाइंडर मात्र नीट बघा हं."

मी "हो" म्हटलं.