उभ्याने पाहिलेले हेरपट

थिएटरात डोअरकीपर होते ते. कायम हातात बॅटरी, म्हणून अख्खी गल्ली त्यांना बॅटरीच म्हणायची. लाडात आली की बायकोसुद्धा. थिएटरच्या मालकाला हेरांच्या सिनेमांचं भलतं वेड. दुसरं काही लागतच नसे म्हणा ना! पण बॅटरींना एकही सिनेमा सलग बघायला मिळाला नाही. उशिरा येणाऱ्याला खुर्ची दाखव, रडकं पोर बाहेर ने, यातच निम्मी गोष्ट निसटायची. मग घरी येऊन ते हाती लागलेले तुकडे सांगत, आणि बायको शिवणयंत्रावर बसल्या बसल्या मधलं सगळं जोडून द्यायची. धुक्यातला पूल, बर्फातून चाललेली आगगाडी, कॉलर वर करून वाट बघणारा माणूस. तो कोणाची वाट बघतोय, ते दोघं मिळून ठरवत. खऱ्या सिनेमांपेक्षा यांच्याच गोष्टी झकास असणार, लावा पैज.

पुढे थिएटर बंद पडलं, बॅटरी म्हातारे झाले आणि हळूहळू सगळं विसरायला लागले. नावं गेली, वार गेले, जेवलो की नाही तेही गेलं. सिनेमे तेवढे राहिले, आणि त्या सगळ्यांत हेर कोण, तर हेच! दुपारी खिडकीशी बसले की समोरचा रस्ता त्यांना परमुलखातला वाटे. बिचारा पोस्टमन शत्रूचा माणूस ठरला. बायको चहा घेऊन आली की ते हळूच विचारत, "मागे कोणी लागलं नाही ना?"

"छे हो, सगळ्यांना चकवून आले," ती म्हणे.

पिवळं ऊन, हलणारा पडदा, आणि दोघं कुठल्याशा अनोळखी शहरात. खरं सांगायचं तर तिला त्या दुपारी फार आवडायला लागल्या होत्या.

लेकीला हे पटत नव्हतं. तिचं तरी काय चुकलं? बाबा एकदा गॅस चालू ठेवून बाहेर निघून गेले होते. "आई, ते तुला ओळखेनासे झाले की मी त्यांना म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवणार," तिने बजावलं होतं. आई बापडी हो म्हणून बसली होती. आणि एका दुपारी लेक आलीच. बाबांसमोर खुर्ची ओढून तिने आईकडे बोट केलं.

"बाबा, ही कोण?"

बॅटरींनी लेकीला नीट न्याहाळलं, मग बायकोकडे एक कोरडी नजर टाकली. "या बाईंना मी जन्मात पाहिलेलं नाही."

लेक डोळे पुसत आत पाणी प्यायला गेली. तेवढ्यात बॅटरी बायकोच्या कानाशी लागले. "घाबरू नकोस गं. चामडी सोलली तरी तुझं नाव सांगणार नाही मी."

अगं बाई, ओळखतात की! "अगं, ये इकडे," आईने हाक मारली. "पुन्हा विचार त्यांना!"

लेकीने विचारलं. "एकदा सांगितलं ना, ओळखत नाही!" बॅटरी ठणकावून म्हणाले. आपल्या माणसाला वाचवायचं तर ओळख दाखवायची नाही, हे कुठल्याही हेराला कळतं. पण लेकीला ते कसं पटवायचं? आईने जीव तोडून सांगितलं. लेकीला वाटलं, नवऱ्यासाठी खोटं बोलतेय.

"पुरे, आई. तू दमलीस. आधी तू चल माझ्या घरी." असं म्हणून तिने आईचा दंड धरला.

बॅटरी ताडकन उठले. खुर्ची धाडकन मागे पडली. "हात सोडा तिचा!" त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पुढे केले. "काय विचारायचं ते मला विचारा. सगळं सांगतो. बायको आहे ती माझी. तिला यातलं काही माहीत नाही."

लेकीचा हात गळून पडला. तिला रडू आवरेना. संस्थेचं नाव मग कोणी काढलं नाही.

बॅटरी मात्र खाली मान घालून बसून राहिले. "फुटलो मी," ते बायकोला म्हणाले. "त्यांनी तुला हात लावला, तिथे फुटलो. माफ कर गं."